कॉमन प्लॉटमधल्या भोपळ्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार विनंती विशेष.

बडोद्याच्या आमच्या सोसायटीतील कॉमन प्लॉटवर सर्वांनी मिळून भाजीचे वाफे केले, तेव्हा आपण सहज बघायला म्हणून आलात आणि पुढे पावसाळाभर येत राहिलात. समोर आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांच्या देखत लिहीत आहे.

जूनअखेर लावलेल्या तांबड्या भोपळ्याला ऑगस्टमध्ये फुले पुष्कळ आली, पण फळे सुपारीएवढी होऊन पिवळी पडत आणि गळून जात. वेलाला खत कमी पडते असे समजून मी शेणखत घालत राहिले. आपण खताचा विषयही काढला नाहीत. एका फुलाचा बारीक, लांब देठ दाखवलात, मग दुसऱ्या फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा गोटा दाखवलात आणि म्हणालात, "हा नर, ही मादी. पावसात मधमाशी फिरकली नाही, तर यांची गाठ कोण घालून देणार?" भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यावर जात नाहीत, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी मी दहा वाजता आले, तर फुले मिटलेली. आपण हसलात आणि संध्याकाळी पुन्हा बोलावलेत. ज्या कळीचे टोक हिरवे सोडून केशरी होऊ लागले आहे तीच उद्या उमलणार, हे ओळखायला मला तीन संध्याकाळी लागल्या. अशा नर आणि मादी कळ्यांची टोके चिकटपट्टीने बंद करायची, सकाळी सातच्या आत नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि उरलेला परागांनी माखलेला दांडा मादी फुलातल्या चिकट कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागावर, हलक्या हाताने फिरवायचा. मग ते फूल पुन्हा बंद करून देठाला लाल दोरा बांधायचा. माझ्या घाईने दोन मादी फुलांच्या पाकळ्या फाटल्या, तरी आपण माझ्या हातातून काम काढून घेतले नाहीत, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. एका फुलावर दोन-तीन वेगवेगळ्या वेलांचे नर वापरण्याचा आपला आग्रह तेव्हा मला उगाच वाटला होता, हेही कबूल करते.

चिकटपट्टीचे कारण मात्र शेजारच्या वाफ्यातले बटरनट भोपळे होते. ते आणि आपला तांबडा भोपळा दोन्ही एकाच वनस्पती-जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा, त्यामुळे मधमाशीने त्यांची सरमिसळ केली असती. त्या वर्षीच्या फळात काही कळले नसते, फरक दिसला असता तो त्याच्या बिया पुढच्या वर्षी पेरल्यावर. याच सुमारास माळी "कोळुं, कोळुं" म्हणत होता आणि मी इकडे कोहळा शोधत होते. गुजरातीतले कोळुं म्हणजे आपला भोपळाच, हेही आपणच सांगितलेत. इतकी वर्षे बडोद्यात राहून माझी ही अवस्था!

देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीवर नख उमटेना, तेव्हा दसऱ्यानंतर दोरा बांधलेले फळ उतरवले. बी आत पिकू द्यावे म्हणून आपण आणखी महिनाभर ते कापू दिले नाहीत. अख्खा भोपळा बाईने आधी फोडू नये, या सासूबाईंच्या हट्टापायी पहिला वार आपल्याला करावा लागला. माझा त्यावर विश्वास नाही, पण त्या समोरच बसल्या होत्या. गराचे घारगे झाले. बिया चोळून धुतल्या आणि कागदाला चिकटतात म्हणून स्टीलच्या ताटात पंख्याखाली सावलीत वाळवल्या. वाकवल्यावर बी न लवता कटकन मोडले, तेव्हाच आपण डबा आणायला सांगितलेत.

पत्रासोबत त्यातल्या चाळीस बियांची पुडी देत आहे. वरती वाण, परागीकरणाची तारीख आणि कोणत्या वेलांचे नर वापरले ते लिहिले आहे. अक्षर लागत नसेल तर कृपया कळवावे. तारीख त्या सकाळी चिखलाच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून उतरवली आहे.

आपली नम्र,
दहा वाजता आलेली विद्यार्थिनी