बाजारभावाच्या रकान्यात १४४१६ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चिंता सोडा, चांगले विचार करा, पहाटे फिरायला जा, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडे पहाटे फिरायची वेगळी सोय करावी लागत नाही, वावरच तीन किलोमीटरवर आहे. बाकीच्याबद्दल, आणि मनाचा त्रास असणाऱ्यांसाठी असलेल्या १४४१६ या फोन नंबरबद्दल, मात्र चार शब्द लिहावेसे वाटले.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. शेती कोरडवाहू, पऱ्हाटी, सोयाबीन आणि मधात तुरीचे तास. आज हे पत्र लिहिते आहे तेव्हा सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली वावरात उभी आहे, थ्रेशरवाला 'उद्या' म्हणतो आहे आणि परतीचं पाणी आलं तर ते कोणाला विचारून येणार नाही. पऱ्हाटीला बोंडं धरलीत. ती फुटेपर्यंत भाव काय राहील, हे व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. रात्री रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं आहेतच. अशा घरात बसून 'वाईट विचार करू नका' हे वाचलं की हसू येतं. आमच्या काळजीचा बराच भाग खरा आहे आणि तो विमा, हमीभाव, कुंपण यांनीच कमी होईल. ते काम सरकारचं आहे, मनाच्या व्यायामाचं नाही.

पण या खऱ्या काळजीवर दुसरी एक चढते, ती मी अंगावर काढली आहे. रात्री मधातच झोप उघडायची, छातीत धडधड, हातपाय गार. मग मोबाइल काढून हवामान बघायचं. एका ॲपवर पाऊस दिसला की दुसरं उघडायचं, तिथे ऊन दिसलं की खरं कोणतं म्हणून तिसरं. तेवढ्यानं भागलं नाही तर उठून अंगणात. माझ्या मोठ्या पोराचे बाबा झोपेतच म्हणायचे, "तू आभायाकडं पाह्यलं म्हणून पाणी थांबते का व?" त्यांचं खरं होतं, पण खरं असून माझी धडधड काही थांबत नव्हती.

गावात एकीनं बाहेरचं सांगितलं. तालुक्याला ईसीजी काढला, तो चांगला निघाला, म्हणून 'काही नाही' म्हणत सलाईन लावून घरी पाठवलं. अशी 'काही नाही'वाली सलाईन आमच्या भागात किती बायांना लागते, ते एकदा मोजायला पाहिजे. शेवटी आमच्या आशाताई प्रश्नांचा कागद घेऊन आल्या. राज्य सरकारनं २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे विदर्भातल्या ६ आणि मराठवाड्यातल्या ८ जिल्ह्यांत, मनाच्या आजारांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातला तो कागद. झोप लागते का, भूक आहे का, जीव नकोसा वाटतो का. त्यांनी मला जिल्ह्याच्या मनोविकार विभागात पाठवलं.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी भविष्य चांगलं आहे असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, मोबाइल पाहिल्यावर किती वेळ बरं वाटतं?" मी म्हटलं, पाच मिनिटं. "आणि मग?" मग परत पाहावं लागतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला पावसाची माहिती नको आहे, खात्री पाहिजे आहे, आणि ती कोणत्याच मोबाइलमध्ये नाही. दर वेळी पाहिलं की मनाला वाटतं, पाहिलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी ते न पाहता राहूच देत नाही. मुलाचंही तसंच होतं. मोठा चाकणला कंपनीत आहे. तो रात्रपाळीला पोहोचला का म्हणून मी फोन लावायची, उचलला नाही तर त्याच्या खोलीवरच्या पोराला लावायची. पोरगा कावला होता.

मॅडमनी गोळ्या दिल्या नाहीत. ज्यांना लागतात त्यांना तिथले डॉक्टर देतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला सांगितलं ते असं: हवामान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायचं. मुलाला फोन लावावासा वाटला तर लावायचा नाही, धडधड होऊ द्यायची आणि हातातलं काम चालू ठेवायचं. ऐकायला साधं वाटते, करताना जीव जातो. पहिल्यांदा मी भाकरी थापता थापता रडले. पण धडधड आपली आपण वर चढते आणि आपली आपण उतरते, तिला फोन लागत नाही, हे तेव्हा कळलं. एरवी मी तिला उतरायला वेळच देत नव्हते.

शिवाय दिवाबत्तीच्या आधी थोडा वेळ वही घेऊन बसायचं आणि काय वाटते ते लिहायचं. ज्याला काही करता येतं ते एकीकडे: ताडपत्रीची दोरी जीर्ण झाली, थ्रेशरवाल्याला परत फोन करायचा. ज्याला काहीच करता येत नाही ते दुसरीकडे: दिवाळीत भाव पडला तर? ते लिहायचं आणि तसंच राहू द्यायचं. वही मिटली म्हणून विचार मिटत नाही, रात्री येतोच. त्याला म्हणायचं, संध्याकाळी ये.

हे मला पटलं ते आमच्या पऱ्हाटीमुळे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी विभाग कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावायला सांगतो. सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून पंप पाठीवर घ्यायचा नसतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की मग फवारा. भीतीपोटी रोज फवारलं तर अळीपेक्षा फवारणारा आधी जातो. त्याच साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले. मनात एक विचार उडाला की रात्री उठून फवारायची माझी सवय होती.

कापूस विकण्याचंही आम्ही आता आधीच ठरवून टाकतो. २०२२ च्या सुरुवातीला भाव दहा हजारांवर गेला होता, म्हणून पुढच्या हंगामात गावोगाव लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव काही तिथे परत गेला नाही. घरात कापूस, अंगाला खाज आणि रोज सकाळी 'आज विकू की उद्या' हा वाद. आता तीन वाटे करतो. एक दिवाळीच्या सुमारास, एक संक्रांतीनंतर, एक होळीच्या आधी. तारीख आली की गाडी भरायची. दुसऱ्या दिवशी भाव चढला तर हळहळ वाटतेच. मोठ्याचे बाबा दोन दिवस बोलत नाहीत, मग बोलतात.

आता आपल्या पेपरविषयी. 'जिल्ह्याला पाऊस झोडपणार' असा मथळा आपण छापता. आत बातमीत हवामान विभागानं 'तुरळक ठिकाणी' म्हटलेलं असतं, म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजायच्या फार तर पाव केंद्रांवर. तो पाव मथळ्यातच का नाही छापत? माझं माहेर जळगाव जामोदकडचं. तिथे भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घटमांडणी होते. अठरा धान्यं मांडतात, मधात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांच्यावर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना भाकीत सांगतात. आमचे बाबा दरसाल भक्तीनं ऐकायला जायचे, आणि पेरणी मात्र जमिनीत वीतभर ओल गेल्यावरच करायचे. मोबाइलवर तारखेसकट पाऊस सांगणाऱ्यांनी ही शिस्त मोडली. तारीख ऐकून लोक पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतात आणि मग दुबार पेरणीचं बियाणं उधारीनं आणतात.

माझी मागणी लहान आहे. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची केंद्र सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो अशा माणसानं वहीच्या नादी न लागता थेट हा फोन लावावा, नाहीतर घरच्यांनी त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जावं. आमच्या गावात हा नंबर मी ज्या-ज्या बायांना विचारला त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हता. आत्महत्येच्या बातमीखाली तो कधीमधी बारीक अक्षरात दिसतो, पण ती बातमी आम्ही घरात उलटी करून ठेवतो. बाजारभावाचा रकाना मात्र गावातला प्रत्येक जण वाचतो. कापूस, सोयाबीन, तूर यांच्या खाली रोज एक ओळ द्या. आणि ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, तेही आठवड्यातून एकदा छापा. तो वार माहीत नसल्यानं बाया भाडं खर्चून रिकाम्या हातानं परत येतात.

नाव छापू नये ही विनंती. लहानीचं लग्न जमायचं आहे, आणि आमच्याकडे मनोविकार विभागात गेलेल्या आईची चौकशी लोक जरा जास्तच करतात.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ