कंपनी सरकारचा रामदरबार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ४ वर 'दोनशे वर्षांपूर्वीच्या दुर्मीळ रामदरबार नाण्या'ची बातमी फोटोसकट वाचली. रागाच्या भरात पत्र लिहू नये असं आमच्या मातोश्री सांगायच्या, म्हणून एक रात्र थांबलो. उपयोग झाला नाही.

फोटो मात्र झकास आला आहे. छायाचित्रकाराचे आभार, कारण जे बातमीत नाही ते सगळं फोटोत दिसतं. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन अ‍ॅना' आणि साल १८१८. या सालाचा अर्थ मराठी पेपरच्या संपादकांना मी काय सांगावा! जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि त्याच आनंदात कंपनी सरकारने मारुतीरायाचं नाणं पाडलं, असं आम्ही समजायचं का? अहो, पुणं हातात आल्यावरही कंपनीने इथल्या टांकसाळीत जुना पेशवाईतला, अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपयाच पुढे कित्येक वर्षं पाडला, मोगल बादशहाच्या नावाच्या फारसी मजकुरासकट. कंपनीच्या सगळ्या मुलखाला एकसारखं नाणं आलं १८३५ साली. त्यातलं तांब्याचं सर्वांत मोठं नाणं अर्ध्या आण्याचं, वजन तेरा ग्रॅमच्या आसपास, वर दोन सिंह आणि मधे ढाल. अख्ख्या आण्याचं नाणं लोकांच्या हातात पडलं १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्यात. तेही तांबं-निकेलचं, नागमोडी कडेचं. तोवर कंपनीचं राज्य जाऊन पन्नास वर्षं होत आली होती.

तेव्हा हे नाणं नकली आहे असंसुद्धा मी म्हणणार नाही. नकली म्हणायला आधी अस्सल असावं लागतं. नकली रुपया पाडणाऱ्याला निदान खरा रुपया समोर ठेवून अक्षरं गिरवावी लागतात, बिचारा कष्ट तरी करतो. हे प्रकरण निव्वळ काल्पनिक. देव कुठले घ्यायचे, साल कुठलं टाकायचं, सगळं कारागिराच्या मर्जीवर. गडावर जाणाऱ्यांना विकतात ते शिवरायांच्या चित्राचे पितळी 'होन' याच जातीचे. महाराजांच्या खऱ्या, सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति' एवढंच असतं, चित्र नसतं. आठवण म्हणून घेतलं तर माझं काही म्हणणं नाही. रामदरबाराचं नाणंही खुशाल देव्हाऱ्यात ठेवा, हळदकुंकू वाहा. पेपरात 'ऐतिहासिक ठेवा' म्हणून छापू नका, एवढंच.

आणि तुमच्या प्रतिनिधीने केलेली ती परीक्षा! 'चुंबकाला चिकटले नाही, त्यामुळे अस्सल असल्याचे स्पष्ट झाले.' साहेब, पितळ चुंबकाला चिकटत नाही. तांबंही नाही. या न्यायाने माझ्या स्वयंपाकघरातली पितळी उलथणी कंपनी सरकारची ठरेल. उलट १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया निकेलचा, तो चिकटतो आणि तरी सोळा आणे खरा असतो.

आता माझी खरी तक्रार. ही बातमी आली सकाळी सात वाजता. साडेसातला आमच्या शेजारच्या वहिनी हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन दारात. मी बँकेत एकतीस वर्षं कॅशला होतो आणि त्याच्याही आधीपासून नाणी जमवतो, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पुरचुंडीत तस्संच नाणं, सासूबाईंच्या देवघरातलं. मी वजनकाटा काढला, भिंग काढलं. अक्षरं बुळबुळीत, साबणावर कोरल्यासारखी. पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे. कडेला दोन साचे जुळल्याची रेघ, ती कानशीने घासायचा प्रयत्न केलेला. टांकसाळीत ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेघ येत नाही. मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हटलं, "वहिनी, हे यात्रेतलं आहे. दहावीस रुपये."

वहिनी म्हणाल्या, "पण भाऊजी, पेपरात लाखो रुपये लिहिलंय."

मी १८३५ सांगितलं, १९०७ सांगितलं, खरा अर्धा आणा काढून शेजारी ठेवला. त्या बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या. शेवटी पुरचुंडी बांधता बांधता म्हणाल्या, "नाही, स्वस्तात मिळावं म्हणून पण सांगतात लोक असं."

वीस वर्षांचा शेजार. काल संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटल्या तर मोबाइलमध्ये बघत उभ्या राहिल्या.

खरं सांगायचं तर फसण्याचा अधिकार मलाही आहे, तो मी बजावलेला आहे. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ असतो हे नवीन नवीन कळलं होतं तेव्हा एका प्रदर्शनाबाहेर एका गृहस्थाने तो मला गल्लीत बोलावून दाखवला. मी हातात घेतला, हात थरथरला आणि चौदाशे रुपये दिले. घरी येऊन तोलला तर नऊ ग्रॅम आठशे मिलीग्रॅम. खरा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. झिजून झिजून दोन ग्रॅम झिजायला तो काय दगडावर घासत बसले होते? काटा पिशवीतच होता, पण तो काढला तर गृहस्थाला वाईट वाटेल असं मला वाटलं! तो रुपया अजून ठेवला आहे, माझ्या संग्रहात सगळ्यात महाग पडलेली वस्तू ती.

पण माझे चौदाशे गेले ते माझ्या हावेपायी. वहिनींचं तसं नाही. त्याच पानावर, बातमीच्या बरोबर खाली, 'जुनी नाणी विका, घरबसल्या लाखो मिळवा' अशी चौकटीतली जाहिरात होती. ती तुम्ही पाहिलीच असेल, पैसे तुम्हीच घेतले असणार. त्या नंबरवर वहिनींच्या मुलाने फोन केला, पलीकडच्याने फोटो मागवला, 'माल ओरिजिनल आहे' म्हणाला आणि नोंदणीचे २,१०० रुपये ऑनलाइन भरून घेतले. आता 'टॅक्स' मागतो आहे. हे मला मुलाकडून कळलं, आईला सांगू नका या अटीवर. वहिनी तुमचा पेपर घेत नाहीत, आमचाच वाचतात, म्हणून लिहितो आहे. असल्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली शुल्क आणि कर उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. जाहिरात विभागाला हे कोणी सांगितलं नसावं.

अशाच १८१८ च्या नाण्यांवर 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लोकांनी शेतं विकून पैसे घातले आहेत. तांदळाला लोखंडाचा कीस फासायचा, खाली चुंबक लपवायचं, की दाणे चालले नाण्याकडे. तुमच्या बातमीत 'नाण्यात दैवी शक्ती असल्याचे बोलले जाते' हे वाक्य आहे. कोण बोलतं? नाव छापा की!

जाता जाता दुसरं. खोटं नाणं लाखाला घेणारी जनता खरं नाणं दहाला घेत नाही. दहा रुपयांच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या चौदाही नक्षी चलनात आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं, हे सगळं बाजारगप्पांतलं शास्त्र. चिन्हच २०१० मध्ये ठरलं, तर त्याआधीच्या नाण्यावर ते येणार कुठून? हे तुम्हाला का सांगतो, तर तुमच्या पेपरचं बिल न्यायला येणारा मुलगा "काका, ही चालत नाहीत" म्हणून माझी दहाची नाणी दोन महिने परत करतो आहे.

या महिन्याचं बिल मी दहाच्याच नाण्यांत काढून ठेवलं आहे, डब्यात, दाराशेजारी. त्याला घ्यायला सांगा. तोवर पेपर टाकणं बंद झालं तरी चालेल, वाचायला शेजारीही कोणी उरलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(नाव छापू नये, न जाणो वहिनी वाचतील)