वारा सुटल्यावर बोट कोणी थांबवायची?

माननीय सागरी पर्यटन मंत्री यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात देवमासे आणि डॉल्फिन पाहायच्या फेरीला गेलो होतो. सकाळपासूनच वारा चढा होता. खिडकीवर विचारलं तर ‘थोडं हलेल, एवढंच’ असं उत्तर मिळालं. बंदर मागे पडताच बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलायची आणि धाडकन आपटायची. वीस मिनिटांत निम्म्या लोकांना बोट लागली. समोरच्या आजी पिशवी तोंडाशी धरून डोळे मिटून बसल्या, गळ्यात नातवाची दुर्बीण तशीच.

तक्रार ओकाऱ्यांची नाही. वारा 11 ते 16 नॉट (ताशी सागरी मैल) झाला, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात 4 वर गेला, की पाण्यावर जागोजाग पांढरा फेस फुटतो. त्यात डॉल्फिनच्या पाठीवरचा पर ओळखणं सरावलेल्या डोळ्यालाही जड जातं. देवमाशाचा फवारा तर वर येताच विसकटतो. म्हणजे प्राणी दिसणं अवघड असतं, नेमकी त्याच दिवशी तिकिटावरची ‘दर्शनाची हमी’ बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या मानेवर बसते. दीड तासाने एक कळप दिसला आणि आमच्या तांडेलाने बोट भरधाव थेट त्यात घातली. एक पिल्लू आईला इतकं चिकटून पोहत होतं की आधी एकच पाठ वाटली. आईच्या अंगालगत पाण्याची जी ओढ तयार होते, तिच्या आधारावर ही पिल्लं तिच्याबरोबर राहतात. पुढच्या क्षणी दोघांच्या मधून आमची बोट गेली. सगळ्यांचे मोबाइल वर. माझाही.

तांडेलाला दोष देऊन काय होणार? फेरी रद्द केली तरी प्रवाशांना पैसे परत द्यायचे, काही दिसलं नाही तरी परत द्यायचे.

न्यूझीलंडच्या 1992 च्या नियमांत देवमासे-डॉल्फिनपासून 300 मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी आणि मागे लाट उठणार नाही इतका मंद वेग, असं स्पष्ट लिहिलंय. तसे आकडे परवान्यात घाला. वाऱ्याची मर्यादाही बोटीच्या आकारानुसार नॉटमध्ये लिहा, आणि वारा बंदरावर मोजा. बोटमालकाच्या अंदाजावर सोडू नका. हमी छापणं बंद करा. वाऱ्यामुळे रद्द झालेल्या फेरीचं तिकीट दुसऱ्या दिवशी चालू द्या.

धक्क्यावर उतरताना त्या आजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे विचारायला : ‘उद्या वारा कमी असेल का हो?’

आपला,
त्या बोटीतला एक प्रवासी