नाशिकमधल्या द्वारकेच्या रिक्षावाल्या दादांचे आभार

काल शाळेपाशी उतरताना माझी चित्रांची गुंडाळी रिक्षातच राहिली. मुलांना ७ ऑगस्ट २०१० ची घटना सांगायची होती. मुंबईच्या समुद्रात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘एमव्ही खलिजिया’ ही जहाजं धडकली, तेल सांडलं, तिवरांवर, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांवर, काळा थर बसला. तेलानं श्वासमुळांची छिद्रं बुजतात, झाड गुदमरतं. गोदाकाठच्या मुलांनी तिवर पाहिलेलंच नसतं, चित्रांशिवाय कसं दाखवणार? मी रडकुंडीला आले होते.

दादा, गुंडाळीवर शाळेचं नाव वाचून तुम्ही भर पावसात परत आलात. तुमचा रेनकोट गुंडाळीला, तुम्ही मात्र चिंब! जास्तीचं भाडंही घेतलं नाहीत. मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलंत आणि विचारलंत, “मग त्या झाडांना कोणी धुतलं का, ताई?” तिथून मुलं बोलती झाली. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार.