आधी झाकण उघडायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण तुम्ही मला जे प्रश्न विचारलेत, ते जुना डेस्कटॉप नव्याने उभा करणाऱ्या कुणाच्याही कामाचे आहेत, म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय आभार मानायला लागलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. इथे ती सोय नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता. म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम, तिन्ही बदलणं आलं. कॅबिनेट मात्र ठणठणीत, जाड पत्र्याचं. ते टाकून द्यायला मन होईना. ज्याला विचारावं तो प्रोसेसरची नावं सांगायचा, नाहीतर "सगळंच नवीन घे" म्हणून मोकळा व्हायचा. तुम्ही एकट्यांनी विचारलंत, "झाकण उघडलंय का? मागून काय दिसतं ते सांगा."

मागून दिसणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही तपासायला लावल्यात. पहिली, यूएसबी आणि ऑडिओच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी, म्हणजे आय-ओ शील्ड. ती वेगळी असून आतून-बाहेरून दाबल्यावर सुटते का? सुटत असेल आणि तिची चौकट साधारण १५९ × ४४.५ मिमी भरत असेल, तर पुढे जायचं. पोर्टची भोकं कॅबिनेटच्याच पत्र्यात कापलेली असतील तर बोर्ड शोधणं तिथेच थांबवायचं. दुसरी, कार्डांसाठीच्या, एकाखाली एक असलेल्या आडव्या खाचा किती आहेत. सात असतील तर कॅबिनेट बहुधा पूर्ण एटीएक्स या मोठ्या ठरीव मापाच्या बोर्डाचं, चार असतील तर मायक्रो-एटीएक्स या छोट्या मापाचं. कॅबिनेटच्या खोक्यावर 'मिड टॉवर' छापलंय यावर विसंबू नका, हेही तुम्हीच बजावलंत. माझ्याकडे सात निघाल्या.

मग मापांचं गणित. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. तिघांचाही मागचा-वरचा कोपरा एकाच जागी धरलेला असतो, म्हणून मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो. इंटेलने एटीएक्स १९९५ मध्ये आणलं आणि तेव्हाची चौकट आजही चालते, याचं मला खरंच नवल वाटलं. संगणकाच्या जगात एवढं टिकणारं दुसरं फारसं काही नाही. इंटेलनेच २००४ च्या सुमारास एटीएक्सच्या जागी आणलेल्या बीटीएक्स या मापाची गोष्ट तुम्ही मिटक्या मारत सांगितलीत. त्यात बोर्ड उलट्या बाजूला बसायचा, आणि २००६ मध्ये कंपनीने स्वतःच त्यातून अंग काढून घेतलं. तसलं कॅबिनेट हाती असतं तर आपलं बोलणं दोन मिनिटांत संपलं असतं.

पण खरे आभार मानायचेत ते स्टँडऑफसाठी. बोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते पितळी खुंट. तुम्ही सांगितलंत, नवा बोर्ड थेट आत ठेवू नका. आधी कागदावर ठेवा, प्रत्येक भोकातून पेन्सिलने खूण करा आणि तो कागद कॅबिनेटच्या पत्र्यावर धरून बघा. मी केलं. जुन्या एटीएक्स बोर्डाचे खुंट जागच्या जागी होते. सर्वांत खालची रांग नव्या मायक्रो-एटीएक्स बोर्डाच्या बाहेर राहत होती, तिचा त्रास नव्हता. पण एक खुंट अशा जागी होता की वर भोकच नाही, नुसता बोर्डाचा पाठचा भाग आणि डाग दिलेली टोकं. तो तसाच राहिला असता तर पितळ त्या टोकांना भिडलं असतं आणि चालू करताक्षणी शॉर्ट. पाना लावून तो काढला आणि जिथे भोक होतं पण खुंट नव्हता तिथे बसवला. या एका कागदाने माझा बोर्ड वाचवला.

दुसरी बारीक गोष्टही तुमच्याच नजरेने टिपली. बोर्ड रुंदीला अरुंद होता, त्यामुळे पुढच्या कडेखाली आधारच नव्हता, आणि बोर्डाला वीज देणारा २४ पिनांचा प्लग नेमका त्याच कडेला. तो दाबताना बोर्ड वाकतो. "खाली बोटं घाला आणि मग दाबा," एवढंच तुम्ही फोनवर म्हणालात.

पुढच्या बटणाच्या वायरी लावताना गाडी पुन्हा अडली. जुन्या कॅबिनेटच्या पॉवर लाइटचा प्लग तीन घरांचा, मधलं घर रिकामं. नव्या बोर्डावर त्यासाठी शेजारी-शेजारी दोनच पिना. तुम्ही टाचणीने प्लगची इवलीशी प्लॅस्टिकची जीभ उचलायला सांगितलीत, कडेची वायर बाहेर ओढली आणि मधल्या घरात सरकवली. झालं! बटणाची वायर उलटसुलट कशीही चालते, लाइटची नाही, हेही तेव्हाच कळलं. पुढचे यूएसबी जुन्या पद्धतीचे, ९ पिनांचे. बोर्डावरची नव्या, वेगवान यूएसबीसाठीची १९ पिनांची जागा रिकामीच राहिली. चालतंय.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, तुम्ही बदलायलाच लावलात. जुन्याला प्रोसेसरसाठी चारच पिनांचा प्लग होता, बोर्डाला आठ हव्या होत्या, आणि त्याचं वयही झालं होतं. माप नेहमीचंच, १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच, त्यामुळे चार स्क्रूंत बसला. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर घेण्याआधी प्रोसेसरपासून झाकणापर्यंतचं अंतर मोजायला लावलंत तेही बरं झालं. बरेच टॉवर कूलर १५५-१६० मिमी उंच असतात, माझ्याकडे जागा १४० ची. बुटका घेतला.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. माझ्या मेहुण्यांकडे एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे. त्यांनाही बोर्ड बदलायचा होता, नवा बोर्ड निवडूनही ठेवला होता. तुमचेच प्रश्न मी त्यांना विचारले. झाकण उघडलं तर पोर्टची भोकं कॅबिनेटच्या पत्र्यातच कापलेली. एसएमपीएसमधून २४ पिनांऐवजी भलत्याच आकाराचा छोटा प्लग येतोय. पुढचं बटण, लाइट सगळं एकाच प्लगमध्ये, आणि कुठली वायर कशाची हे कुठेच लिहिलेलं नाही. एसएमपीएसही लांबोडका, नेहमीचा तिथे बसणार नाही. मेहुणे थोडे खट्टू झाले, पण बोर्ड घ्यायचं रद्द केलं. त्या मशीनमध्ये एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलंय, बोर्ड मूळचाच. त्यांच्या वतीनेही धन्यवाद.

तुम्ही एकदाही अमुक घ्या, तमुक घ्या असं म्हणाला नाहीत. दर वेळी माप विचारलंत आणि मी फूटपट्टी घेऊन यायची वाट पाहिलीत. इतका धीर विकत मिळत नाही, ताई. मनापासून आभार.

जाता जाता एक विचारतो. आता ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मनात आहे. मागच्या खाचांपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६५ मिमी भरतात, आणि पिंजरा रिव्हेट मारलेला आहे, निघत नाही. पिंजऱ्यातून बाहेर येणाऱ्या साटा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या, वायरींसाठी यातले किती सोडायचे?

आपला,
फूटपट्टीवाला