वहीतली दामदुप्पट

प्रिय सुमे,

अण्णांच्या तेराव्याला येऊन गेलीस, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून माझ्याकडून एक ओळ नाही. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा दुखतो, तब्येतीचं एवढंच. हे पत्र दुसऱ्या कोणाला लिहिलं असतं तर त्यानं म्हटलं असतं, तीस वर्षं वकिली करून एवढा घोळ कसला घालतेस? तुला मात्र थेट बॅबिलोनपासून सांगता येतं.

ओढ्याकाठचं रान आठवतं ना? हुरड्याला गेलो होतो आणि विंचू दिसल्यावर तू बैलगाडीवर चढून बसलीस ती संध्याकाळपर्यंत उतरली नाहीस, ते. बायपास झाल्यापासून त्या तीस गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय. विक्रीला माझीही सही लागते, म्हणून गेल्या रविवारी दादानं कागद काढले होते. तेवढ्यात एक पोरगा दारात आला, असेल पंचविशीचा. चप्पल पायरीखाली काढली, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "ताई, आजा सांगायचा, बाराशे भरले की वढ्याचं रान सुटतं. आजा गेला, बापबी गेला. मी बाराशे आणल्यात." पाकिटात दोन पाचशेच्या नोटा आणि दोन शंभराच्या.

दादा हसला. मग डिसेंबर 1972 चं खरेदीखत त्याच्यापुढे धरलं. त्यावर त्याच्या आजाचा अंगठा. पोरगा त्या अंगठ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला आणि पाकीट घेऊन निघून गेला. मी गप्प बसले, सुमे. मला कायदा येतो म्हणूनच गप्प बसले. गहाण म्हणायचं तरी सोडवायची 30 वर्षांची मुदत केव्हाच टळली आहे, कोर्टात तो उभासुद्धा राहणार नाही.

रात्री झोप लागेना. अण्णांची ट्रंक उघडली. लाल कापडाच्या वह्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण अण्णांचं अक्षर तुला माहीत आहे, मोत्यासारखं. बहात्तरच्या दुष्काळाची वही सापडली. त्या माणसाचं पान सापडलं. मुद्दल 600. व्याज दरमहा दरशेकडा 3. ओढ्याचं रान 'तारणास'. तारणास, सुमे! कागद खरेदीचा आणि वहीत तारण. पानाच्या तळाशी, पंचाहत्तरच्या दिवाळीला, लाल शाईनं: 'दामदुप्पट झाली. व्याज बंद.' म्हणजे बाराशे. पोरग्याच्या आजानं आकडा बरोबर सांगितला होता.

आता तुझं ते कार्ड. पॅरिसच्या लूव्र म्युझियममधून पाठवलेलं, बॅबिलोनच्या हमुराबी राजाच्या कायद्याच्या शिळेचं, अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. वर बसलेला सूर्यदेव शमश, पुढे उभा हमुराबी, खाली दगडभर कोरलेली अक्षरं. मागे तू लिहिलं होतंस: 'तुझा लाडका. सव्वादोन मीटर उंच, पण डोळ्याचा भाव माणूस बघूनच.' होस्टेलच्या गच्चीवरचं आपलं भांडण पंधरा वर्षांनी पोस्टानं पुढे चालवलंस तू! मी म्हणायचे, बलवानानं दुबळ्याला नाडू नये, पोरक्याला आणि विधवेला न्याय मिळावा, असं पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून चारचौघांत उभं करणं म्हणजेच माणूस सुधारल्याची खूण. आणि तू विचारायचीस की बड्याचा डोळा फोडला तर डोळा, सामान्याचा फोडला तर एक मीना (तिकडचं जुनं वजन) चांदी आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्मी किंमत त्याच्या मालकाला, ही कसली सुधारणा? मेसची बाई दिवे घालवायची तरी आपलं संपायचं नाही.

माझा हुकमी एक्का हमुराबीचं 48वं कलम असायचं. वादळानं शेत बुडालं, पुरानं नेलं किंवा पाण्यावाचून पिकलं नाही, तर कर्जदारानं त्या वर्षी सावकाराला धान्य देऊ नये, कराराची मातीची पाटी भिजवावी आणि त्या वर्षीचं व्याजही देऊ नये. ओल्या मातीवरची अक्षरं बदलता येतात, म्हणून भिजवायची. मला ते तेव्हाही फार सुंदर वाटायचं, आजही वाटतं. पण त्या रात्री वही मांडीवर घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की अण्णांच्या वहीत बहात्तर आणि त्र्याहत्तर, दोन्ही कोरड्या सालांचं व्याज महिन्यागणिक लावलेलं आहे. अठरा, अठरा, अठरा. एक महिना सुटलेला नाही.

आणि मग मी इतर पानं उलटली. उलटली नसती तर बरं झालं असतं. वरच्या आळीतल्यांना दरशेकडा दीड रुपया, खालच्या आळीतल्यांना तीन. त्याच वर्षी, त्याच दुष्काळात. तू एकदा मनुस्मृतीचा आठवा अध्याय माझ्यापुढे आपटला होतास, आठवतं? एका श्लोकात महिन्याला शेकडा दोन, तीन, चार, पाच असं वर्णाप्रमाणे चढतं व्याज, आणि नऊ श्लोक पुढे गेलं की व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. तू पहिल्यावर बोट ठेवलंस, मी दुसऱ्यावर. मी म्हटलं, ही दामदुप्पट मुंबई हायकोर्टानंही पाळली, एवढ्या जुन्या नियमानं कितीतरी कुळं वाचली. अण्णांनी मनुस्मृती कधी हातात धरली नसेल, गं. पण दोन्ही श्लोक त्यांच्या वहीत आहेत.

मला खरं खातंय ते वेगळंच. ऑगस्ट 1975 मध्ये लहान शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा वटहुकूम आला. अण्णांनी 'व्याज बंद' लिहिलं दिवाळीला. हिशेब करून पाहिला, अठराच्या दरानं सहाशे त्याच सुमारास भरतात. मग ते धर्माला जागले की कायद्याला भ्याले? तसं पाहिलं तर त्या वटहुकुमानं बाराशेही बुडायला हवे होते. पण कागद विक्रीचा! विक्रीच्या कागदात कर्ज दिसतच नाही, मग माफ काय होणार? परवान्याशिवाय सावकारी करणारे सगळेच असं लिहून घेत, हे तुला-मला काय सांगायला हवं. पण अण्णा? ज्यांनी आपल्या दोघींची फी भरली ते अण्णा? त्यांना विचारता येत नाही, हे आठ महिन्यांत मला पहिल्यांदाच इतकं लागलं.

अम्मीसदूक आठवतो? हमुराबीचा खापरपणतू. गादीवर आल्यावर त्यानं रयतेची देणी माफ करण्याचं फर्मान काढलं. त्यात एक कलम आहे, पूर्वी परीक्षेपुरतं पाठ केलेलं: व्याजी कर्ज देऊन जो कागद विक्रीचा किंवा ठेवीचा करवून घेईल, त्याच्यावर साक्षीदारांनिशी शाबित झालं तर त्यानं सहापट भरावं. न भरेल तर मरण. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला आमच्या ट्रंकेतला कागद ठाऊक होता! मी ते पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. तू म्हणायचीस, कायदे भरल्या पोटी लिहिले जातात. पण हे कलम कुणीतरी नाडलेल्या माणसानं दरबारात जाऊन रडून सांगितल्याशिवाय कोणाला सुचलं नसणार. त्या बाबतीत अजूनही मी माझ्याच बाजूची आहे.

बुधवारी त्या पोराला बोलावलं. पैसे नकोत म्हटलं, तर तो उठूनच उभा राहिला. "आजानं फेडायचं सांगितलंय, माफ करून घ्यायचं न्हाई." मग घेतले. अण्णांच्याच वहीत, त्या लाल ओळीखाली, तारीख घालून लिहिलं: 'रोख 1200 पोचले. खाते पूर्ण.' सही केली, पानाची झेरॉक्स त्याला दिली. माझा अर्धा हिस्सा मी त्याच्या नावे करून देणार आहे, दस्ताचा मसुदा तयार आहे. दादाच्या अर्ध्याचं काय करायचं ते कळत नाही. तो चार दिवस बोलत नाही. वहिनी म्हणते, बापाची अब्रू झेरॉक्सच्या दुकानात नेलीस. तिचंही खोटं नाही.

तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? पिंकीला आशीर्वाद, बाळाचं नाव काय ठेवलं ते अजून कळलेलं नाही.

मसुदा सोबत पाठवतेय. तुझ्या लाल पेनानं बघ, विशेषतः तिसरा परिच्छेद. तिथे 'बक्षीस' लिहू की 'परत'? कायद्याला बक्षीस सोयीचं पडतं. पोराला तो शब्द चालणार नाही. फोन करू नकोस, दादा शेजारच्याच खोलीत असतो.

तुझीच,
शालन