अळिंबीच्या अर्काची मोठी चाचणी सरकारनेच करावी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा विसर वाढू लागला, की डॉक्टरांकडे जाण्याआधीच 'लायन्स मेन' अळिंबीच्या कॅप्सूल घरी येतात. विसरण्यामागे थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते, ती तपासणी मागे पडते. तरीही या लोकांना मी नावे ठेवणार नाही, कारण त्यांची आशा अगदीच निराधार नाही.

या अळिंबीतले हेरिसेनोन आणि एरिनासिन हे घटक जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात वेगळे केले. प्रयोगशाळेतल्या पेशींना ते 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' हे प्रथिन बनवायला लावतात. मेंदूतल्या काही चेतापेशी या प्रथिनावर तगतात, पण ते टोचून दिले तर रक्तातून मेंदूत जवळपास पोचतच नाही. मेंदूलाच ते बनवायला लावणारा छोटा रेणू मिळाला, तर केवढे काम होईल!

माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे. २००९ च्या जपानी चाचणीत सौम्य विस्मरणाचे जेमतेम ३० जण होते. १६ आठवडे रोज ३ ग्रॅम पूड घेणाऱ्यांचे स्मरणचाचणीतले गुण वाढले, आणि पूड बंद केल्यावर ४ आठवड्यांत घसरले. या घसरणीमुळेच मला हा विषय सोडवत नाही. पण ३० जणांवरून उपचार ठरत नाहीत.

मग मोठी चाचणी का होत नाही? निसर्गात उगवणाऱ्या अळिंबीचे पेटंट मिळत नाही आणि चाचणी न करताही माल खपतो. कंपनी पैसे का घालेल? म्हणून ती सरकारी खर्चाने व्हावी: शेकडो रुग्ण, निदान दोन वर्षे, एकच प्रमाणित अर्क, आणि निकाल कसाही लागला तरी तो जाहीर.

तोवर निदान लेबल तरी सुधारा. डबीवर ठळक '५०० मिलिग्रॅम' असते. पण ती पूड अळिंबीची की धान्यावर वाढवलेल्या तिच्या तंतूंची, आणि त्यात धान्याचा स्टार्च किती, याचा पत्ता नसतो. हेरिसेनोन अळिंबीच्या वरच्या भागात मिळतात, एरिनासिन मुख्यतः तंतूंत. म्हणजे एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

येत्या अर्थसंकल्पात या चाचणीसाठी तरतूद करावी, ही विनंती. निकाल 'उपयोग नाही' असा आला, तरी हजारो घरांचा खर्च वाचेल.

कळावे,
स्मृतिभ्रंश झालेल्या आईची मुलगी